फुंक्याकाकांचा न पडलेला थेंब

फुंक्याकाकांचं खरं नाव दवाखान्यात पुकारलं तरी ते जागचे हलत नसत. शेजारी बसलेल्या काकूंना कोपराने ढोसावं लागे, "अहो, उठा. तुम्हीच ते." तरुणपणी काच फुंकायचे, तेव्हा चिकटलेलं नाव, फुंकणं सुटलं तरी नाव काही सुटलं नाही. बाटल्या कारखान्यातून यायला लागल्या, कंदिलाच्या काचा कुणी विचारीना, आणि काकांच्या वाट्याला उरलं ते नळ्या वाकवण्याचं काम.

काम बघायला गेलं तर एवढंसं. पेन्सिलीपेक्षा बारीक काचेची नळी दोन्ही हातांत धरून ज्योतीवर फिरवायची, लोण्यासारखी मऊ झाली की कोपर मोडल्यासारखी वाकवायची, आणि शेवटी तिचं तोंड ज्योतीत गोल गोल फिरवून असं आवळायचं, की आत सुईच्या नेढ्याएवढं भोक तेवढं उरावं. ही नळी मग रबरी बुचात बसते, बूच बाटलीला बसतं, बाटली पिंजऱ्यावर उलटी टांगतात, आणि आतला उंदीर नळीला जीभ लावून पाणी पितो.

हो, उंदीर. शहराच्या टोकाला प्राण्यांचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तिथे पांढऱ्या उंदरांच्या खोल्याच्या खोल्या. त्यांना पाणी पाजायच्या नळ्या काकांच्या हातच्या. धातूच्या तयार नळ्या मिळत नव्हत्या असं नाही, पण त्या संस्थेला काकांच्या नळीची सवय लागली होती. कारण त्या नळीतला थेंब. भोक मोठं झालं तर पाणी टपटपतं आणि पिंजऱ्याचं तळं होतं. लहान राहिलं तर हवा आत जात नाही, पाणी अडतं, आणि उंदीर बिचारा चाटून चाटून मेटाकुटीला येतो. काकांच्या नळीतला थेंब तोंडाशी येऊन लटकायचा तो लटकायचा. जीभ लागली की जाई, आणि लगेच दुसरा त्याच्या जागी ठाण मांडून बसे, घरजावयासारखा.

नळीच्या वाकणावर काका निळ्या काचेचा एक टिपका लावत, तिळाएवढा. त्याचा उपयोग काही नव्हता. "कपाळ मोकळं बरं दिसत नाही," म्हणत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली जळून जळून काळं पडलेलं टेबल, त्यावर ज्योत, टेबलाखाली पायाने हवा द्यायचा भाता. मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधल्या दारात काकूंची खुर्ची. तिथे बसलं की एक डोळा चुलीवर आणि एक नवऱ्यावर ठेवता येई. टेबलाच्या एका टोकाला पाण्याचा मोठा जग असे, तोही काकांचाच. दिवसभर ज्योतीसमोर बसणारा माणूस, घटाघटा प्यायचे. काकू मात्र सकाळी दोन घोट, दुपारी दोन घोट, की झालं.

"अगं, पाणी पी."

"तहान लागली की पिईन."

"तुला कधी लागणार तहान?"

"तुम्ही जगात थोडं ठेवाल तेव्हा."

लग्न झाल्यापासून हे भांडण चालू होतं, आणि दोघांनाही ते संपवायची घाई नव्हती.

घाई होती ती लेकीला. लेक दुसऱ्या शहरात. नवरा समजूतदार, घर मोठं, आईबापांसाठी एक खोली रंगवून, पडदे लावून तयार ठेवलेली. दर फोनला एकच पालुपद, "बाबा, आता पुरे करा ना ती आग." एकदा काकांनी वैतागून, म्हणजे वैतागल्याचं सोंग आणून, तिला वचन देऊन टाकलं. "ज्या दिवशी माझ्या नळीतून थेंब आपणहून पडेल, त्या दिवशी मी ज्योत विझवीन आणि तुझ्याकडे येऊन बसेन. झालं समाधान?"

तेव्हा त्यांना वाटलं, असा दिवस यायचा नाही. माणसाने बोलताना जरा आजूबाजूला बघून बोलावं.

संस्थेतली एक तरुण डॉक्टरीणबाई नवीन काम सुरू करणार होती. तिने काकांकडे बऱ्याच नळ्या सांगितल्या. अर्ध्या करून झाल्या, पोचवल्या, आणि काका न्हाणीघरात पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून काका घरात असे फिरत, जणू कुणीतरी त्यांच्या हाती पांढरा दंडुका देऊन पहाऱ्याला उभं केलंय. प्लास्टर निघालं त्याच दिवशी ते ज्योतीसमोर जाऊन बसले.

आता या कामात दोन्ही हात एका चालीने फिरावे लागतात. एक पुढे गेला नि दुसरा मागे राहिला, की मऊ काचेला पीळ पडतो, आणि तोंडाचं भोक गोल व्हायच्या ऐवजी अंड्यासारखं होतं. काकांचा उजवा हात मागे राहायचा. अगदी थोडासा, लाजणाऱ्या नवरीसारखा. पहिल्या काही नळ्या त्यांनी गुपचूप केरात टाकल्या. मग हात जरा वळणावर आला आणि उरलेल्या नळ्या पुऱ्या झाल्या. दिसायला चांगल्या होत्या. फक्त टिपका जमेना. लावायला गेलं की निळी काच ओघळून जाई आणि नळीला सर्दी झाल्यासारखं दिसे. तेव्हा काकांनी टिपकाच सोडून दिला.

"टिपका कुठाय?" काकूंनी विचारलं.

"आता तशी पद्धत नाही राहिली. साधंच बरं दिसतं."

काकूंनी "बरं" म्हटलं. काकूंचं "बरं" म्हणजे काही होकार नव्हे. कोर्टात तारीख पुढे ढकलतात ना, तसं ते असायचं.

नळ्या गेल्या, काम सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांनी एका दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः दारात हजर. हातात पुठ्ठ्याचं खोकं. काकूंनी खुर्ची दिली, तिने घेतली नाही, यावरूनच काकांनी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

"काका, रागावू नका. थोडी अडचण आहे."

"बोला की."

तिने सांगितलं ते असं. आपल्या अंगात पाणी कमी पडलं की अंगच एक रस सोडतं. हार्मोन. तो डोक्यात जाऊन सांगतो, ऊठ, पाणी पी. तोच रस ती उंदरांना सुईने देत होती. नरांनाही आणि माद्यांनाही, ज्याच्या त्याच्या वजनाच्या मानाने. आणि मग कोण किती पितं ते बघत होती. तर नरांच्या बाटल्या भराभर उतरत होत्या आणि माद्यांच्या जवळजवळ तशाच राहत होत्या.

"मग चांगलं आहे की," काका म्हणाले. "कळलं तुम्हाला, कोण जास्त पितं."

"तेच तर. आमचे मोठे साहेब म्हणाले, फरक फार मोठा दिसतोय, आधी नळ्या तपासा. पाणी पोटात जातंय की पिंजऱ्यात सांडतंय ते बघा. खाली भुसा असतो, तो आधीच ओला असतो, त्यावरून कळत नाही. आणि मी बघितलं तर..." ती अडखळली. खोक्यातून एक नळी काढून तिने टेबलावर ठेवली. "नरांकडच्या सगळ्या नळ्या अशा आहेत. माद्यांकडच्या सगळ्यांवर निळा टिपका आहे."

हे झालं कसं, तर पिंजरेवाल्यामुळे. पिंजरे धुणारा, बाटल्या भरणारा तो माणूस इतका टापटिपीचा, की एकत्र आलेली वस्तू एकत्रच ठेवायचा. पहिल्यांदा आलेल्या नळ्या त्याने वरच्या फळीला लावल्या, नंतर आलेल्या खालच्या. वर माद्या, खाली नर. नीटनेटकेपणानेच घोळ घातला म्हणायचा.

काकांनी ती बिनटिपक्याची नळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "मी बघतो. दोन दिवस द्या."

बाई खोकं ठेवून गेली; त्यात दोन्ही तऱ्हेच्या नळ्या नमुन्याला होत्या. काकांनी एक बाटली भरली, नळी लावली, दोन खुर्च्यांच्या मधल्या काठीला उलटी टांगली आणि खाली टिपकागद पसरला. थेंब आला. लटकला. काका गुडघ्यावर हात ठेवून बघत बसले. थेंब पडेना.

"पडत नाहीये," काकू दारातून म्हणाल्या.

"इथे नाही पडत. तिथे उंदीर असतो. तो पिंजरा हलवतो, नळी ओढतो. मग?"

"मग हलवून बघा."

काकांनी बाटली हलवली. थेंब पडला. त्यांचा चेहरा असा उतरला, की काकू उठूनच आल्या. "थांबा. आता टिपक्याची लावा, तीही हलवू." टिपक्याची लावली. काकूंनी हलवली. एकही थेंब पडला नाही.

"बघ!" काका म्हणाले.

"काय बघ? मी हळू हलवली. तुम्ही हलवलीत ती उंदराने हलवल्यासारखी होती का? दारू प्यायलेल्या बैलासारखी होती."

"उंदीर तुझ्यासारखा पाळणा नाही हलवत."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही उंदीर आहात?"

मग दोघं आळीपाळीने बाटल्या हलवत राहिले. काका उंदीर झाले, काकू उंदरीणबाई झाल्या. कधी ही सांडली, कधी ती. शेवटी टिपकागद तर ओला झालाच, फरशीही ओली झाली आणि काकूंच्या साडीचा काठही. इतकं करून कळलं एवढंच, की नवरा-बायकोने उंदराचं सोंग घेतलं तर कुठलीही नळी गळते.

काकू हसत हसत फरशी पुसायला लागल्या. काका हसले, पण वरवर. लेकीला दिलेलं वचन त्यांना आठवत होतं. रंगवलेली खोली, पडदे, आणि त्या पडद्याआड आपण दिवसभर काय करायचं, हेही.

दुसऱ्या दिवशी काकू बाजारात गेल्या. परत येतात तो कपाटावरचा जुना पत्र्याचा डबा टेबलावर, झाकण उघडं. काका वर्षानुवर्षं एखादी फारच मनासारखी उतरलेली नळी त्या डब्यात बाजूला टाकत. आता त्या सगळ्या टेबलावर कापसात गुंडाळलेल्या, निळे टिपके एका ओळीत.

"काय शोधताय?"

"काही नाही."

"काही नाही, तर एवढा पसारा?"

काकांनी मान वर केली नाही. "बाईंना नव्या केल्यात असं सांगून ह्याच देतो. उत्तम आहेत. पाणी सांडणं थांबेल. तिचं काम होईल, माझंही भागेल. कुणाला कळतंय?"

काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला कळेल ना."

काकांनी डबा जवळ ओढला.

"बाईंना फसवाल, लेकीला फसवाल. मला तर काय, टिपक्याची पद्धत गेली म्हणून कधीच फसवलंत."

"तू फसली नव्हतीस?"

"माझ्या डोळ्यांदेखत केरात काच जात होती. केर कोण काढतं या घरात?" त्या खुर्चीत बसल्या. "मला नळीचं काही कळत नाही. पण उद्या ज्योत लावायला बसाल, तेव्हा हात चांगला आहे की नाही, हे कुणाला विचाराल? या डब्याला?"

काका बराच वेळ कापूस गुंडाळत होते की सोडत होते, त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्यांनी नळ्या परत डब्यात घातल्या, झाकण लावलं आणि पाण्याचा जग तोंडाला लावून अर्धा रिकामा केला.

"चप्पल कुठंय माझी?"

"पायात आहे."

संस्थेत जाऊन काकांनी डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. मनगट मोडलं, प्लास्टर होतं, टिपका जमत नाही म्हणून सोडला. पिंजरेवाला तिथेच बाटल्या पुसत होता, त्यानेही कान पकडले. "काका, चूक माझीही. जोडीने आलेलं मला जोडीनेच ठेवावंसं वाटतं. घरी मोजेसुद्धा असेच ठेवतो, बायको वैतागते."

बाई काही रागावली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. "अहो, मग सोपं आहे! मी कालपासून धातूच्या नळ्या मागवाव्यात की काय, या विचारात होते. आपण आधी अदलाबदल करू. टिपक्याच्या नळ्या नरांना, बिनटिपक्याच्या माद्यांना. नळी गळत असेल, तर आता माद्यांच्या बाटल्या उतरतील. आणि तहानच वेगळी असेल, तर नळी कुठलीही लावा, नरांच्याच उतरतील."

"आणि माद्यांच्या उतरल्या, तर?"

"तर नळ्या बदलू. त्यात काय एवढं?"

तिच्या दृष्टीने खरंच त्यात काही नव्हतं. काकांच्या दृष्टीने त्यात एक खोली होती, पडद्यांसकट.

मधले दिवस काकांनी कसे काढले ते काकूंनाच माहीत. ज्योत लावत, नळी धरत, खाली ठेवत. आणि पाणी तर असं पीत, की काकू म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सुई टोचली का वाटेत?" लेकीचा फोन आला. तिने विचारलं, "बाबा, काम कसं चाललंय?" काका म्हणाले, "परीक्षा चालू आहे." "कुणाची?" "उंदरांची," आणि फोन काकूंच्या हातात देऊन मोकळे झाले.

मग बाईने बोलावणं पाठवलं. "मी सांगण्यापेक्षा काका, तुम्ही बघाच." काकूही निघाल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसून तरी काय करायचं?

आत जाताना दोघांना पांढरे झगे, डोक्याला टोप्या, तोंडाला पट्ट्या. काकूंनी काकांकडे बघितलं. "छान दिसता. आधी का नाही घातलंत?"

उंदीर रात्रीचे जागे, माणसं दिवसाची. दोघांची गाठ पडायची कशी? म्हणून त्या खोलीत दिवसाची रात्र करून ठेवलेली. खिडकी नाही, एक मंद तांबडा दिवा. डोळे सरावले तसे दोन फळ्यांवरचे पिंजरे दिसायला लागले, त्यांत पांढरी पांढरी अंगं, खसफस, भुशाचा वास. बाईने एकेक उंदीर हलक्या हाताने उचलून सुई दिली, इतकी चटकन की उंदराला रागवायलाही वेळ मिळाला नाही. मग सगळे बाजूला उभे राहिले. काकांना पिंजरेवाल्याने स्टूल दिलं, वरच्या फळीसमोर. माद्यांची फळी. बिनटिपक्याच्या नळ्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालच्या फळीवर गडबड उडाली. नर एकापाठोपाठ एक नळीकडे धावले, पुढचे पाय उचलून नळीला लोंबकळले आणि प्यायला लागले ते थांबेचनात. बाटल्यांत बुडबुडे गुडगुड वर चढत होते. प्रत्येक नळीवर निळा टिपका, हात मोडण्याआधीचा.

काकांनी तिकडे एकदाच बघितलं. त्यांचे डोळे समोरच्या नळीवर होते. तोंडाशी थेंब लटकलेला, तांबड्या उजेडात डाळिंबाच्या दाण्यासारखा. समोरची मादी उठली, आली, दोनचार वेळा चाटलं, आणि पुढच्या पंजांनी तोंड धुवत बसली. तिला पुरलं होतं. थेंब परत येऊन लटकला.

मग तिला काय वाटलं कोण जाणे. ती उठून जाळीला चढली. नळी दोन्ही पंजांत धरली आणि हलवली. प्यायला नाही, उगाच, खोडी म्हणून. पिंजरा खुळखुळला. थेंब थरथरला, लांब झाला. काकांनी श्वास रोखला. फुंकण्यावरून नाव पडलेला माणूस, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून वाफसुद्धा निघेना. काकूंनी त्यांची बाही पकडली.

थेंब आखडला, गोल झाला आणि जागेवर बसला.

मादीने नळी सोडली, खाली उतरली आणि भुशात शिरली. तिच्या बाटलीतलं पाणी होतं तिथेच होतं. शेजारच्या बाटलीतलंही, आणि तिच्या शेजारच्याही.

"रोज असंच होतंय," बाई हळू आवाजात म्हणाली, पण तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "नळ्या बदलल्या, उंदीर बदलले नाहीत. नळ्यांना काहीही झालेलं नाही, काका. ही तहानच वेगळी आहे."

काकांनी उजवा हात वर केला, बोटं उघडली, मिटली आणि झग्याच्या खिशात घातला, एखादी मौल्यवान वस्तू ठेवावी तसा.

बाहेर आल्यावर काकूंना राहवेना. "पण बाई, असं का? त्या उंदरिणींना तहान लागत नाही का?"

"लागते की. पण मादीच्या अंगात तिचा स्वतःचा एक रस असतो, मादीपणाचा. तो या तहानेला लगाम घालतो. तो रस जिथून येतो तो भागच काढून टाकला, तर माद्याही जास्त प्यायला लागतात. आणि बाहेरून तो रस परत दिला, की पुन्हा कमी. इतर ठिकाणी लोकांनी हे बघितलंय. आता मला इथे बघायचंय."

काकूंनी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत? इतकी वर्षं डोकं खाल्लंत माझं, पाणी पी, पाणी पी. मला लगाम आहे."

"तुला? लगाम?" काका म्हणाले. खोलीतून निघाल्यापासूनचा हा त्यांचा पहिला शब्द. "तुझ्या जिभेला तर कधी दिसला नाही."

बाई हसायला लागली. "काकू, उंदरांचं उंदरांपाशीच राहू द्या. माणसाचं इतकं सरळ नसतं. आणि तुमच्या वयात तर तहान कळतही नाही नीट, नर असो की मादी. तुम्ही आपलं पाणी प्या."

"बघ!" आता काकांनी बघून घेतलं.

"वय काढायची काही गरज होती का?" काकू पुटपुटल्या. पण रागावल्या नव्हत्या.

घरी आल्यावर काकांनी स्वतःहून लेकीला फोन लावला. हे नवलच. "अगं, थेंब पडला नाही."

"कुठला थेंब, बाबा?"

मग सगळी गोष्ट सांगावी लागली, मनगटापासून उंदरिणीपर्यंत. डबा उघडल्याचं मात्र त्यांनी वगळलं, आणि काकूंनी मागून आठवण केली नाही. पलीकडून लेक म्हणाली, "म्हणजे ती खोली रिकामीच."

"रिकामी का? पाहुणे म्हणून येऊ की. पडदे राहू देत. तुझ्या आईला आवडतात."

फोन ठेवून काका ज्योतीसमोर बसले. भाता दाबला, ज्योत निळी झाली. आज त्यांनी जरा जाड नळी घेतली, लांबलचक. उजवा हात अजून किंचित मागे राहायचा; डाव्याने आपली चाल कमी केली आणि त्याची वाट बघितली. म्हाताऱ्या जोडप्याने रस्ता ओलांडावा तशी दोघांनी मिळून ती नळी फिरवली. वाकण आलं. तोंड भाजून गोल केलं, पण भोक आवळलं नाही, मोकळंच ठेवलं. मग निळ्या काचेची काडी पुढे ओढली.

काकू दारातून बघत होत्या. चुलीवर काहीतरी उतू जात होतं, पण त्यांचे दोन्ही डोळे आज नवऱ्यावर होते.

नळी गार झाल्यावर काकांनी ती पाण्याच्या पेल्यात घातली आणि पेला काकूंपुढे केला. "घे. तुझी नळी. तहान लागत नाही तर नसू दे. समोर दिसली की आठवण तरी होईल."

काकूंनी नळी खिडकीकडे धरून निरखली. वाकणावर निळा टिपका होता, तिळाहून जरासा मोठा आणि एका बाजूला कललेला.

"वाकडा बसलाय."

"तुझ्याकडे बघून लावला."

काकूंनी नळी तोंडाला लावली. नळीतून पाणी चढताना दिसत होतं. काका लहान मुलासारखे ते चढणं बघत राहिले. पेला अर्धा झाला. काकूंनी नळी बाहेर काढली, तोंड खाली करून हवेत धरली आणि दोघांनी डोळे बारीक करून बघितलं. टोकाशी थेंब होता. लटकत होता.

"पडतोय का?" काकूंनी विचारलं.

"एवढ्या मोकळ्या तोंडातून आता पडेलच की. ही प्यायची नळी आहे, हिचा नियम वेगळा."

"तसं नको. पडायच्या आत मी पिऊन टाकते," असं म्हणून काकूंनी थेंब जिभेने टिपला, अगदी त्या उंदरिणीने टिपावा तसा. "आता ज्योत विझवू नका. लेकीसाठीही एक करा. आणि तिचा टिपका तरी सरळ लावा."